सेल काढण्याआधी

४ फेब्रुवारी

किल्ली,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते कळलंच असेल. फाडायच्या आधी एवढं एक वाक्य वाच: तुझा गेम सापडलाय.

तोच तो, हातात धरायचा, राखाडी, कोपऱ्याचा टवका उडालेला. दुकानाचा काउंटर बदलतोय, खालचा खण उपसताना घड्याळांच्या जुन्या पट्ट्यांखाली निघाला. सोबत त्यात खोचायच्या तुझ्या दोन कॅसेटी, एक पांढरी आणि एक निळी. चार पेन्सिल सेल घातले, बटण दाबलं, आणि चालू झाला की गं! नऊ वर्षांनी! घड्याळंसुद्धा एवढी इमानी नसतात, आणि हे मी म्हणतोय, ज्याचं सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर बघून कट करतेस, तेव्हा उगाच रेंज नव्हती वगैरे सांगू नकोस. पत्ता तुझ्या वहिनीने दिला. तुम्ही दोघी दर रविवारी बोलता हे मला परवा कळलं. नऊ वर्षं, माझ्या नाकाखाली! तू बस चालवतेस हेही परवाच कळलं. बाबा असते तर तिकीट काढून दिवसभर मागच्या सीटवर बसून राहिले असते आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगितलं असतं.

आता मुद्द्याचं. पांढऱ्या कॅसेटमध्ये तुझी बारा गाणी आहेत, निळीत नऊ. पडद्यावर यादी दिसते. सोळा-सतराची होतीस तेव्हा कोपऱ्यात बसून गेमची बटणं दाबत एकेक सूर रचायचीस, तीच. मी ती गेममधून कॉम्प्युटरमध्ये उतरवणार आणि तुला पाठवणार. कशी ते मला माहीत नाही, पण पलीकडच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई बसतात, त्यांना विचारतो. बारा तारखेपर्यंत तुझ्या हातात पडतील.

नको म्हणू नकोस. मी ठरवलंय.

दादा


११ फेब्रुवारी

किल्ली,

बारा तारीख हुकणार. पण काम सुरू आहे, आणि सोडणार नाही.

पहिला प्रयत्न मी माझ्या अकलेने केला. गेम काउंटरवर ठेवला, शेजारी फोन ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. ऐकून बघतो तर गाण्याच्या मागे चाळीस घड्याळांची टिकटिक, आणि ऐन मध्यावर बारा वाजले. चाळीसच्या चाळीस घड्याळांत! मला ती टिकटिक ऐकूच येत नाही गं, त्या बाबतीत कान कधीच मेलेत. कॉम्प्युटरवाल्या बाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "शाळा सुटली वाटतं."

मग त्यांनी एक वायर दिली. एक टोक गेमच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं कॉम्प्युटरमध्ये. हवेतून काही जायलाच नको. तरी मागे घूंऽऽ असा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरचा चार्जर काढा. काढला, आवाज गेला. मग गाणं फाटायला लागलं. बाई म्हणाल्या, गेमचा आवाज अर्ध्यावर आणा. आणला, तेव्हा कुठे नीट ऐकू आलं. या बाई फार बोलत नाहीत, पण बोलल्या की आपण गाढव असल्यासारखं वाटतं.

तुझी गाणी संपत का नाहीत? पहिलं गाणं लावलं आणि थांबायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. बावीस मिनिटं. तुझी वहिनी डबा घेऊन आली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे सारखं तेच फिरून येतंय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता मी प्रत्येकाच्या दोन फेऱ्या घेतो आणि आवाज हळूहळू उतरवतो. तुला पटत नसेल तर कळव.

नावं मजेशीर दिली आहेस. 'जिना'. 'नळ'. 'दार लाव'. ते 'दार लाव' म्हणजे मी ओरडायचो तेच ना? त्यात मध्ये दोनदा धप्प असं वाजतं, ते तू मुद्दाम घातलंयस, मला कळतं.

निळीतली नऊच्या नऊ उतरली. नववं अर्धंच आहे, मध्येच गप्प होतं. वायर सुटली की काय म्हणून मी तीनदा तपासली. पांढरी रिकामी आहे, तिच्यात काही नाही.

जेवत जा वेळेवर. बस चालवणारी माणसं वेळेवर जेवत नाहीत.

दादा


१९ फेब्रुवारी

किल्ली,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात काय, तर दोन ओळींचं झापणं. "निळीला हात लावू नकोस. पांढरीत बारा गाणी होती असं तूच लिहिलंस, मग रिकामी कशी?" तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि वर "बरोबर पकडलं" म्हणाली.

सांगतो. मीच घालवली.

आमच्या धंद्यात घड्याळ काउंटरवर आलं की आधी काय करायचं हे हातांना ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. मागचं झाकण उघड, जुना सेल काढ, नवा घाल. बाबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: जुना सेल आत राहिला की पाझरतो आणि यंत्र खातो. पांढरी कॅसेट मी नुसती साफ करायला म्हणून उघडली. आत बघतो तर गोल चपटा सेल, आपल्या घड्याळात असतो तसाच, फक्त मोठा आणि डाख देऊन पक्का बसवलेला. नऊ वर्षं जुना. हात पुढे गेलाच. डाख वितळवला, सेल काढला, खालचा कळकटपणा पुसला, नवा बसवला. इतका सुबक डाख मी वर्षभरात दिला नव्हता. कौतुकाने बघत बसलो होतो, माझं मलाच.

मग कॅसेट गेममध्ये घातली. यादी कोरी.

धावत बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, त्या सेलवरच तर त्या कॅसेटची आठवण चालते. सेल काढला की ती सगळं विसरते." घड्याळाचं तसं नसतं गं. सेल काढला की घड्याळ थांबतं, नवा घातला की काटे लावायचे आणि झालं. हा बारकासा सेल नऊ वर्षं तुझी गाणी धरून बसला होता, आणि मी तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला.

समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला उद्या या म्हणालो आणि स्टुलावर बसून राहिलो. बारा गाणी, किल्ली. त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं. आणि तुला "रिकामी आहे" लिहिलं, जणू ती तशीच आली होती! गाणी घालवल्याचं वाईट वाटतंच, पण त्या ओळीची जास्त लाज वाटते. मला माफ कर.

आता निळीचं. तिच्यातही तसाच म्हातारा सेल आहे. मीटर लावून बघितला, २.३८ व्होल्ट. नवा असतो तेव्हा तीनच्या वर दाखवतो, आणि दोनच्या आसपास आला की बाई म्हणतात आशा सोडा. नऊ गाण्यांचा आवाज माझ्याकडे उतरलाय, तो कुठे जात नाही. पण तो नुसता आवाज. त्या अर्ध्या गाण्यात तुला पुढे एक सूर जरी घालायचा असेल तरी त्यात घालता येणार नाही. त्यासाठी कॅसेटच्या पोटात आहे ते जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये घ्यावं लागतं. एक डबी मिळते, तिच्यात कॅसेट खोचायची आणि वायर कॉम्प्युटरला लावायची. ते घेतलं की मग सेल खुशाल बदला, गाणी परत आत घालता येतात. बाई कोणाकडून तरी ती डबी मागवताहेत.

तू म्हणतेस हात लावू नकोस. ठीक आहे, नाही लावत. मीटरची टोकं लावली, पण त्याला हात म्हणत नाहीत.

मला हे किती जड जातंय ते तुला माहीत आहे. तू हो म्हण.

दादा


२७ फेब्रुवारी

किल्ली,

आज २.३१. परवा २.३४ होता.

डबी आली. काडेपेटीएवढी आहे. ज्यांची आहे त्यांना ती चौदा तारखेला परत द्यायची आहे. तुझं कार्ड नाही. वहिनी म्हणते तू रविवारी फोनवर माझा विषयच काढला नाहीस, आणि तिने काढला तर बसच्या ब्रेकबद्दल बोलायला लागलीस.

खरं सांगू? आज सकाळी मी कॅसेट डबीत घालायला घेतली होती. अर्धी आत गेली होती. बाई म्हणाल्या, "घाला हो, दोन मिनिटांचं काम, बहिणीला कळणारसुद्धा नाही." मी म्हटलं, "तेच तर." आणि बाहेर काढली. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. लागलंही असेल. सेल रोज खाली जातोय, मला काय करायचं ते माहीत आहे, सगळं सामान समोर मांडलेलं आहे, आणि मी हाताची घडी घालून बसलोय. आयुष्यात असा बसलो नव्हतो. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतोय नुसता.

पण तू हो म्हणाल्याशिवाय करणार नाही. हेही मी ठरवलंय, आणि तुझ्यासारखाच हट्टी आहे मी, विसरू नकोस.

कार्डावर एक शब्द लिही. हो किंवा नाही. काहीही लिही, पण लवकर.

दादा


५ मार्च

किल्ली,

तुझं कार्ड काल आलं. "हो-नाही नंतर. आधी सांग, गेम खरंच कुठे होता? काउंटरचा खालचा खण तेव्हा मी स्वतः तीनदा उपसला होता."

काल दिवसभर कार्ड खिशात घेऊन फिरलो. आज लिहितो.

खणात नव्हता. बाबांच्या हत्यारांच्या लोखंडी पेटीत होता, कुलपात. चावी माझ्या जुडग्यात होती, आजही आहे. तो हरवला नव्हता, किल्ली. मी ठेवला होता.

शुक्रवार होता. सोमवारी तुला संगीत शाळेत मुलाखतीला जायचं होतं, स्वतः रचलेलं काहीतरी वाजवून दाखवायचं होतं. तू आंघोळीला गेलीस, गेम टेबलावर होता, मी उचलला. कॅसेटींसकट. ठरवून केलं, रागाच्या भरात नाही. नर्सिंगचा फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता, तुझ्या सहीसकट. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुकान, घर, तू, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं होतं, आणि तू म्हणत होतीस की या टुंग टुंगवर जगणार. मला भीती वाटली. वाटलं, चार दिवस रडेल आणि सरळ होईल.

आणि मग तू शोधायला लागलीस. तीन दिवस. मीही तुझ्याबरोबर शोधला. पलंग ओढला, कपाट हलवलं, टॉर्च घेऊन माळ्यावर चढलो, वरून "इथे पण नाही गं" असं ओरडलो. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं. गेम उचलला ते एक वेळ समजेल कोणाला, पण ते माळ्यावर चढणं मला स्वतःलाच समजत नाही.

सोमवारी तू हात हलवत गेलीस. त्यांनी गुणगुणून दाखव म्हटलं, तू गुणगुणलीस, त्यांनी पुढच्या वर्षी ये म्हटलं. दोन महिन्यांनी तू घर सोडलंस. भांडण नर्सिंगवरून झालं असं मी सगळ्यांना सांगत आलो. तू वहिनीला सांगितलंस की दादाने तो गेम शोधायला मदत केली होती, तेवढा एक चांगुलपणा त्याच्यात होता. तिने मला हे गेल्या महिन्यात सांगितलं, भाजी निवडता निवडता. तू अजून विचारतेस म्हणाली, की कुठे गेला असेल गं तो. त्याच दुपारी मी पेटी उघडली. काउंटर-बिउंटर काही बदलत नाहीये.

नववं गाणं अर्धं का आहे ते मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं. वायर तीनदा तपासली ती उगाच. शुक्रवारी सकाळी तू तेच रचत होतीस.

हे पत्र आधी तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. तिने वाचलं, टेबलावर ठेवलं आणि आत गेली. अजून बोललेली नाही.

तू हो म्हणावंस म्हणून हे लिहीत नाहीये. नाही म्हणालीस तरी हरकत नाही. मग तो सेल संपू दे, मी बोटसुद्धा लावणार नाही. गाणी तुझी आहेत आणि मी ती एकदा घेतली होती.

आज २.२४.

दादा


१३ मार्च

किल्ली,

फोनवर जे झालं ते तुला माहीतच आहे, तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो. फोनवर मला धड बोलताच आलं नाही.

दुकानाचा फोन वाजला तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि हातात कोणाचं तरी उघडं घड्याळ. पलीकडून नुसतं, "स्पीकरवर टाक आणि दोन्ही हात मोकळे ठेव." नमस्कार नाही, चमत्कार नाही. मागे गाड्यांचे भोंगे. तू डेपोत उभी होतीस आणि तुझी गाडी सुटायला पाऊण तास होता. मी गिऱ्हाइकाचं घड्याळ तसंच झाकून ठेवलं आणि बाईंना हाक मारली.

तू म्हणालीस, "डबीत घाल." घातली. "सेलला हात लावायच्या आधी सगळं दोनदा उतरव, आणि दोन्ही वेळचं जुळतंय का बघ." बाईंनी जुळवलं, जुळलं. त्या मला म्हणाल्या, "ही नक्की तुमचीच बहीण ना? हिला अक्कल दिसते." तू हसलीस ते मी ऐकलं. मीटर लावला तर २.१७.

मग सेल. हजारो घड्याळं उघडली असतील मी, पण त्या दिवशी डाख द्यायचं टोक दोनदा पुसून घेतलं. डाख वितळायला लागला तेव्हा तू विचारलंस, "काढलास?" माझं सगळं लक्ष चिमट्यात होतं. बाई म्हणाल्या, "काढला." नवा बसवला, कॅसेट परत डबीत, गाणी परत आत. मग गेममध्ये घातली. बटण मीच दाबलं. नऊ नावं! तुला वाचून दाखवायला लागलो तर तू म्हणालीस, "नववं लाव."

लावलं. फोन गेमला टेकवून धरला. ते चढत चढत जातं आणि मध्येच थांबतं. बाईंनी उगाच खुर्ची सरकवली. आणि मग तू म्हणालीस, "ई, किती भयंकर आहे रे हे!"

माझं डोकंच सटकलं. "खबरदार नावं ठेवलीस तर!" असा ओरडलो की दारातलं गिऱ्हाईक मागे सरकलं. भयंकर काय त्यात? मी महिनाभर ऐकतोय ते, मला ठाऊक आहे कसं आहे ते. दुसऱ्या फेरीत खालचा सूर असा काही वळतो की मला दर वेळी हातातलं काम थांबवावं लागतं. हे सगळं मी तुला सांगणार होतो. तेवढ्यात आठवलं की याला पहिल्यांदा नावं कोणी ठेवली होती. मग फोन गेमपासून बाजूला घेतला.

तू म्हणालीस, "गाणी पाठव. तुझं काय करायचं ते मी नंतर ठरवीन. कदाचित काहीच ठरवणार नाही." मी बरं म्हटलं. तुझी गाडी निघायची वेळ झाली होती, तू फोन ठेवलास. खरंच बरं आहे, किल्ली. मी तगादा लावणार नाही.

सोबतच्या खोक्यात गेम आहे, निळी कॅसेट आहे, पांढरीही आहे. ती कोरी आहे, पण सेल नवा आहे, दहा-बारा वर्षं बघायला नको. एका पेन ड्राइव्हवर सगळं आहे: उतरवलेला आवाज वेगळा, आणि कॅसेटच्या पोटातलं दोनदा घेतलेलं वेगळं. खोकं वहिनीने बांधलंय. ती आता बोलते माझ्याशी, कामापुरतं. दोरीला गाठी नीट मारू देत नव्हती मला, म्हणाली तुमचा हात नको.

एक राहिलं. इथल्या कॉम्प्युटरमध्ये त्या नऊ गाण्यांची एक प्रत आहे. सकाळी दुकान उघडलं, की घड्याळांना किल्ल्या द्यायच्या आधी मी त्यातलं एखादं लावायचो. पार सवय लागली. तुझा फोन आल्यापासून एकदाही लावलेलं नाही. बाई म्हणतात, कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी असलेली बरी, त्यात विचारायचं काय. पण मला विचारायचंय.

पुस म्हणालीस तर त्याच दिवशी पुसतो, बाईंच्या समोर, आणि तसं त्यांच्याकडून लिहून पाठवतो. कारण सांगायची गरज नाही. नुसतं कळव.

ठेवू का?

दादा